धुरपताचं आळं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. ज्यांना नेमकं ठाऊक होतं ते सांगायला उरले नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याला, वऱ्हाडात, हिवरदरी नावाचं गाव होतं. साठ-सत्तर घरं. भिंती मातीच्या, छपरं गवताची आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची. गावाच्या कडेला, ओढ्याच्या अंगाला, धुरपता माळणीची बाग होती.

धुरपता एकटी होती. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. पण तिच्या हाताला दोन गुण होते. तिनं कुंपणाला काठी रोवली तरी तिला पालवी फुटायची, असं म्हणतात. फाल्गुन-चैत्रात साऱ्या शिवाराचा रंग उडून जायचा, तेव्हा तिच्या वाफ्यांत वांगी लटकत असायची, शेपू हिरवागार उभा असायचा आणि दोडक्याचा वेल मांडवावरून खाली डोकावत असायचा. दुसरा गुण रोडग्यांचा. गव्हाच्या जाड्या पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, वरून करपू द्यायचे नाहीत आणि आतून कच्चे ठेवायचे नाहीत. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. गावात लग्न निघालं की नवरी ठरायच्या आधी रोडग्यांना धुरपता ठरायची.

मग ते वर्ष आलं. चैत्रातली सकाळ होती. धुरपतानं स्वयंपाक उरकला, निखाऱ्यांवर राख ओढली आणि ती बागेत खुरपायला गेली. वाटेत शेजारणीनं विचारलं, "विस्तव झाकला का वो?" ती म्हणाली, "झाकला." खरंच झाकला होता. पण दुपारी वारं सुटलं. त्यानं दार ढकललं, राख उडवली आणि एक ठिणगी छपराला नेऊन लावली. सूर्य कलायच्या आत निम्मं गाव जळून गेलं. उकर्डा पाटलाची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला बाहेर काढता आलं नाही.

धुरपताला कोणी मारलं नाही. कोणी शिवीही दिली नाही. फक्त तिच्या अंगणात येणं बंद झालं. भाजी घ्यायला बाया यायच्या, कुंपणाबाहेर उभ्या राहायच्या, टोपली पुढं करायच्या आणि निघून जायच्या. ते तिला शिवीपेक्षा जास्त लागलं. तिनं आपली चूल स्वतःच्या हातानं फोडली आणि त्या दिवसापासून विस्तवाला हात लावला नाही. काकड्या, मुळे, भिजवलेले हरभरे यांवर तिनं वर्ष काढलं, असं म्हणतात.

पाटलानं आईचे दिवस घातले आणि बाराव्या दिवशी गाव गोळा करून नियम केला. होळी झाली की चुलबंदी. वारं वाहत असेल तोवर गावात कोणी चूल पेटवायची नाही. वारं पडलं की रांधा, वारं उठलं की विझवा. जो मोडील त्याला वेशीबाहेर काढायचं, मग तो कोणी का असेना. गावानं मान डोलावली. बुरुजावर पाळीपाळीनं माणूस बसू लागला, डोळ्यांत तेल घालून धूर शोधायला.

आणि पुढच्याच चैत्रात वारं जे उठलं ते पडेना.

एक दिवस झाला, दोन झाले. दिवसा वारं, संध्याकाळी वारं, पहाटेही वारं. कवाडं आपटत होती, छपरं थरथरत होती. लोकांनी हरभरे भिजवले, सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवलं, कांदे फोडले. धडधाकट माणसाला तेवढ्यावर काढता येतं. पण पाटलाची सून कौतिका वारं सुटलं त्याच दिवशी बाळंत झाली होती. पहिलटकरीण, अंग आधीच अशक्त. बाळंतिणीच्या पोटात ऊन ऊन घास पडायचा, तिथं थंड पाणी आणि कालवलेलं पीठ पडत होतं. चौथ्या दिवशी तिला हुडहुडी भरली. पाचव्या दिवशी दूध आटलं. सातव्या दिवशी सकाळी गावची सुईण धुरपताच्या कुंपणाशी आली, आणि वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी कुंपण ओलांडून आत आलं.

"शेपू दे वो बाई," सुईण म्हणाली. तिच्या ओच्यात पाटलाच्या घरचं गव्हाचं पीठ होतं. "कच्चाच वाटतो अन् पिठात कालवून पाहतो. आणखी काय करू?"

"कशी हाये पोरगी?"

"आज ऊन पोटात गेलं त गेलं. नाई त उद्या दोघंबी नाईत. लेकरू सकाळपासून रडत बी नाई."

"पाटील काय म्हणतात?"

"पाटील म्हणतात, माह्या आईच्या चितेवर नियम केला, माह्या सुनेसाठी मोडू का? पायरीवर बसून हायेत. कोणाशी बोलत नाईत."

धुरपता उठली. तिला दोन्ही गोष्टी एकदम दिसत होत्या. एकीकडं न रडणारं लेकरू, दुसरीकडं पेटलेलं गाव. यावेळी जर ठिणगी उडाली, तर एकाच हातानं दोनदा गाव जाळलं असं होणार होतं, आणि मग त्या हाताला जगात कुठंच जागा नव्हती. ती वांग्यांच्या वाफ्यात उतरली, आळ्याची माती हातात घेऊन दाबून पाहिली आणि म्हणाली, "पीठ ठेव. विहिरीवरून पाणी वढायले लाग."

दोघींनी मिळून चाळीस बादल्या पाणी काढलं, कोणी म्हणतात शंभर. सगळा वाफा चिखल होईपर्यंत भिजवला. मधोमध धुरपतानं आळं खणलं, पण रोपाला खणतात तसं वीतभर नाही, पार कंबरेइतकं. सुईणीनं शेपू चिरून पिठात घातला, गोळे मळले आणि केळीच्या पानांत बांधले. धुरपतानं गोवऱ्या तळाशी रचल्या, आत उतरली, वरून ओलं तरट ओढून घेतलं आणि वर्षभरानं चकमक हातात धरली.

पहिल्या झटक्यात पेटलं नाही, दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात कापसानं विस्तव धरला. गोवऱ्यांनी पेट घेतला तसा आतला धूर असह्य झाला. ती बाहेर आली तेव्हा वाऱ्यानं तरटाचं टोक उचललं आणि एक ठिणगी वर उडाली. माथ्याएवढी उंच गेली, छपराएवढी उंच गेली. धुरपतानं कुंपणावर पाय देऊन उडी मारली आणि ती ठिणगी हवेतच मुठीत धरली, असं म्हणतात. मूठ उघडली तेव्हा तळहातावर काळा ठिपका होता. तो तिला मरेपर्यंत होता.

जाळ बसला, खाली निखाऱ्यांची लाल आर तेवढी उरली, तेव्हा तिनं रोडगे आत सोडले. वर केळीची पानं, वर केळीच्या खांबाचे तुकडे, वर हातभर चिखल. थापून थापून गुळगुळीत केलं. पण धूर कोणाचं ऐकतो? एका फटीतून बारीक निळी रेघ निघाली आणि वाऱ्याबरोबर सरळ गावाकडं गेली.

बुरुजावर डफडं वाजलं.

सारं गाव धावत आलं. घागरी, कुदळी, काठ्या, जे हाताला लागलं ते घेऊन. पुढं उकर्डा पाटील, हातात फावडं. धुरपताला चिखलात उभी पाहिली आणि ते जागीच थांबले.

"तू?" ते म्हणाले. "साऱ्या गावात तूच?"

"पाटील, सुनेसाठी हायेत रोडगे," सुईण मधे पडली.

"माह्या घरासाठी गाव जाळायचं का?" पाटील ओरडले. "उकरा ते! पाणी वता!"

चार जण कुदळी घेऊन पुढं झाले. धुरपता आडवी आली.

"उकरू नका. आर जिती हाये. उघडलं का वारं खाली उतरंन अन् घेऊन जाईन. झाकलेलं हाये तवर काई होत नाई."

गर्दीतून एक बाई बोलली. तीच शेजारीण होती. "मांगच्या साली बी झाकलं म्हणली होतीस."

धुरपताच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही.

"व्हय," ती म्हणाली. "मांगच्या साली झाकलं अन् उठून गेली. आता झाकलं, अन् हे पाहा, बसली."

आणि ती त्या आळ्यावर मांडी घालून बसली.

खाली लाल आर, वर हातभर चिखल, आणि चिखलावर ती. वारं तिच्या लुगड्याला हिसके देत होतं. माती वाळायला लागली की भेग पडायची, भेगेतून धूर डोकवायचा, आणि धुरपता ओंजळीनं चिखल घेऊन ती भेग लिंपायची. एक लिंपली की दुसरी. समोर पाटील फावडं उगारून उभे. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनाच ठाऊक. एक घाव घातला असता तर नियम राहिला असता आणि गाव कदाचित गेलं असतं. नाही घातला तर ज्या बाईनं त्यांची आई जाळली, तिच्या शब्दावर साठ घरं सोडायची होती. धुरपता त्यांच्याकडं बघत नव्हती, तिची नजर भेगांवर होती.

मग तिच्या लुगड्याच्या काठातून धूर निघाला. सुईण किंचाळली. धुरपतानं काठ मुठीत चुरगाळून विझवला आणि पुन्हा लिंपायला लागली, जागची हलली नाही.

पाटलानं फावडं खाली टाकलं.

"पाहता काय?" ते गर्दीवर खेकसले. "घागरी कायले आणल्या? वता तिच्या भोवताल. उकरू नका. वता!"

विहिरीपासून वाफ्यापर्यंत माणसांची रांग लागली. घागरी हातोहात येऊ लागल्या. चुलबंदीच्या त्या गावात सगळे मिळून एका विस्तवाची राखण करू लागले. ती शेजारीण रांगेत सगळ्यात पुढं होती, धुरपताच्या अगदी जवळ, आणि तिच्या पाठीवर पाणी ओतत होती. ती जमीन इतकी तापली होती की वाफ्यातली वांगी झाडावरच भाजून निघाली, देठं हिरवी आणि पोटं मऊ, असं म्हणतात. वाफेनं दोडक्याच्या वेलाला भरदुपारी फुलं आली, असंही म्हणतात.

एका प्रहरानं धुरपता म्हणाली, "झाले." आर मेली होती. तिनं स्वतः माती उकरली. केळीची पानं उघडली तसा शेपूचा आणि खमंग गव्हाचा वास साऱ्या बागेत पसरला. सात दिवसांत कोणाच्याही नाकाला शिजलेल्या अन्नाचा वास लागला नव्हता. बायांना रडू फुटलं. पण एकानंही हात पुढं केला नाही. सुईणीनं रोडगा फोडून तुपात चुरला, झाडावरच भाजलेलं वांगं त्यात कुस्करलं, आणि पदराखाली झाकून धावत नेलं.

कौतिकानं पहिला घास गिळला, दुसरा गिळला, आणि तिसऱ्याला स्वतः हात पुढं केला. तिन्हीसांजेला तिच्या अंगाला घाम सुटला, ताप उतरला. आणि मग पाटलाच्या घरातून लेकरू रडलं. असं मोठ्यांदा रडलं की वेशीपर्यंत ऐकू गेलं, आणि ते ऐकून वारं पडलं, असं म्हणतात.

धुरपताला मात्र उठता येईना. तिला बाजेवर घालून न्यावं लागलं. काही सांगतात की तिला फोडसुद्धा आला नाही, देवानं झेललं. पण जुन्या बाया सांगतात की ती पुढं कधी नीट मांडी घालून बसली नाही, आणि त्यांचंच खरं असावं. फुकट असं काही होत नसतं.

दुसऱ्या दिवशी पारावर कोणीतरी विषय काढलाच. नियम मोडला गेलाय, तेव्हा धुरपताला वेशीबाहेर काढायला पाहिजे. आदल्या दिवशी सगळे गेल्यावर पाटील त्या आळ्यावर बसून पाहायला गेले होते, आर मेल्यानंतर, आणि पान चघळून व्हायच्या आत उठले होते. हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं.

"जाय," ते त्या माणसाला म्हणाले, "तती आळ्यावर एक प्रहर बसून ये. मंग बोल."

तो गेला नाही. तो विषय त्या गावात पुन्हा निघाला नाही.

हिवरदरीत आता कौलं आहेत, पत्रे आहेत, स्लॅबची घरंही आहेत. तरी चैत्रात वारं उठलं की एक दिवस सारं गाव चुली बंद ठेवतं आणि ओढ्याकाठच्या वाफ्यात आळं खणतं. त्याला धुरपताचं आळं म्हणतात. पहिला रोडगा गावातल्या बाळंतिणीचा. आणि झाकलेल्या आळ्यावर कोणीतरी एक जण बसतो. आता चिखल खूप जाड घालतात, भाजत नाही कोणी. बसायला मान लागत नाही की वय लागत नाही. वर्षभरात ज्याच्या हातून गावाचं काही वाईट झालं असेल, बांध फुटला असेल, गुरं दुसऱ्याच्या रानात शिरली असतील, किंवा नको तो शब्द बोलला गेला असेल, तो आपण होऊन बसतो. त्या दिवशी त्याला त्याच्या नावानं हाक मारत नाहीत. बाई असो की बाप्या, त्याला धुरपताच म्हणतात. आणि तो उठला की ती झालेली गोष्ट गावात परत कोणी काढत नाही.

एखाद्या वर्षी बसायला चार-पाच जण पुढं येतात. मग आळं मोठं खणतात.