वेणूच्या खिडकीतली पाखरं

एका राज्यात, सूर्य वर येऊन बरोबर तीन घटका झाल्या असताना, एका बाईला दुसरीच्या कामाच्या ढिगाचा हेवा वाटला. सगळं तिथून सुरू झालं.

त्या राज्याच्या मधोमध एक मनोरा होता. त्याला चार खिडक्या, दर खिडकीत एक बाई. गावोगावचे निरोप पाखरं तिथं आणत. निरोप लांब असला की त्याचे तुकडे करून एकेका पाखराच्या गळ्यात एकेक बांधत. बाईनं तुकडा सोडून वाचायचा, पुन्हा बांधायचा, दिशा दाखवून पाखरू उडवायचं. दारावर बोलकी साळुंकी बसे. एका गावची पाखरं ती एकाच खिडकीला धाडी, म्हणजे मागचा तुकडा पुढे जात नसे.

जिच्या हातून जास्त पाखरं उडत, तिला राजा संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा देई. बहुतेक गावं वेणूच्या खिडकीला, म्हणून महिनाभर गजरा वेणूलाच. सगुणाची खिडकी ओस. मांडीवर तान्ही लेक घेऊन ती वेणूकडे बघत बसे.

"सगुणे, कामाला आलीस की माहेरपणाला?" वेणू म्हणे, मान वर न करता.

सगुणाला ते फार लागे. हिच्याच हाताला काय सोनं लागलंय, असं तिच्या मनात येई.

त्या सकाळी तिनं आपल्या खिडकीत ज्वारीचे दाणे टाकले. वेणूच्या रांगेतली अकरा भुकेली पाखरं इकडे आली. सगुणानं ती झटक्यात उडवली.

त्या रांगेतल्या पाखरांच्या गळ्यात उत्तरेच्या मांत्रिकाचा मंत्र होता, आजारी राजपुत्रासाठी. आधी झोपवण्याचे बोल, शेवटी उठवण्याचे. तुकडा येईल तसा राजवैद्य मोठ्यानं वाची. सगुणाच्या पाखरांकडे शेवटचे तुकडे होते आणि तीच आधी पोचली. उठवण्याचे बोल वाया गेले, झोपवण्याचे मागून आले. राजपुत्र झोपला, राज्यातली सगळी लेकरं झोपली, ती उठेनात. सगुणाच्या लेकीच्या ओठांवरून दूध ओघळून गेलं.

सगुणा साळुंकीपुढे उभी राहिली. "दाणे मी टाकले."

"पाहिलं मी. मांत्रिक उद्या दुपारी मंत्र पुन्हा धाडील. सूर्य मावळायच्या आत तो क्रमानं पोचला तर लेकरं उठतील, नाहीतर कधीच नाही. तीन कामं कर. पहिलं, वेणूच्या खिडकीत प्रहरभर बस."

सगुणा बसली. दोऱ्यांनी बोटं कापली, पाणी प्यायला उसंत मिळेना. वेणू मात्र भिंतीला टेकून, हातात भाकरीचा तुकडा तसाच धरून, झोपून गेली होती.

ती जागी झाल्यावर सगुणानं विचारलं, "इतकं होतं तर बोलली का नाहीस?"

"गजरा गेला असता ना." वेणूनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आणि तू लेकीला मांडीवर घेऊन बसायचीस. मला घरचं पोर दिवसदिवस दिसत नाही. ते बघून जळायचे मी. तेही आता उठत नाही."

दुसरं काम दुसऱ्या सकाळचं. वेणूचा ढीग हलका करायचा, पण एकही निरोप तोडायचा नाही. सगुणा रांगेवर डोळा ठेवून उभी राहिली. एखाद्या गावचं शेवटचं पाखरू उडालं, मागे त्या गावचं कुणी उरलं नाही, की ती म्हणे, "साळुंके, आता हे गाव दुसरीकडे वळव." अशी सात गावं तिन्ही खिडक्यांत वाटली. वेणूला उरलं फक्त मांत्रिकाचं गाव.

"तिसरं," साळुंकी म्हणाली, "मंत्राच्या पाखराला हात लावू नकोस."

हेच सगळ्यांत अवघड. लेक आपली, आणि तिचा जीव वेणूच्या बोटांत. एक दमलेलं पाखरू आपणहून सगुणाच्या खिडकीत येऊन टेकलं. तिचा हात पुढे झाला, मागे आला.

"तुझी खिडकी ती," ती म्हणाली. पाखरू तिकडे गेलं.

सूर्य टेकता टेकता शेवटचं पाखरू पोचलं. मांडीवरची लेक शिंकली, मग तिनं भोकाड पसरलं.

गजरा त्या संध्याकाळीही वेणूलाच मिळाला. खोटं कशाला सांगू, सगुणाला जरा टोचलंच. पण वेणूनं तो सोडला आणि चारी खिडक्यांत फुलं ठेवली. राजानं गजऱ्याची रीत बंद केली. तेव्हापासून साळुंकी रोज ढीग बघते आणि ज्या गावची रांग सरली असेल तेच गाव हलक्या खिडकीला वळवते.

ऐकणाऱ्या बायांनो, हे शेजारणीच्या कानावर घाला. फक्त ऐकलंत त्याच क्रमानं सांगा. घरोघरी लेकरं निजली आहेत.