मांडवाची शिवण

एका गावात एक कापडी मांडव होता. तो कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. पंचक्रोशीत कुणाकडेही लग्न असो की बारसं, मांडव न्यावा, कार्य उरकावं आणि आणून द्यावा. परत देताना ज्याला जमेल त्यानं आपल्या हातानं शिवलेली एक पट्टी सोबत द्यावी. अशा पट्ट्या जोडता जोडता मांडव एवढा वाढला होता, की त्याखाली अख्ख्या गावाची पंगत बसे.

पट्ट्या जोडायचं काम गावातल्या शिंपिणीचं. तिचा नवरा होता तोवर तो प्रत्येक पट्टी आधी दोन्ही हातांनी ओढून बघे. बायकोची शिवणही त्यातून सुटत नसे. "मी ओढून उसवली, तर वारा काय दया दाखवणार आहे?" असं म्हणून हसे.

तो गेला. मग पट्ट्या ओढून बघायची तीच आणि जोडायचीही तीच. तिची स्वतःची शिवण मात्र आता कुणी ओढून बघत नव्हतं.

एकटीच्यानं किती होणार? ओसरीवर पट्ट्यांचा ढीग साचला. लोक कुरकुरू लागले. गावातला कुंभार तर एकदा तोंडावरच म्हणाला, "काकू, माझी पट्टी दिवाळीपासून पडून आहे. तिच्यात काय खोट आहे, तेवढं तरी सांगा."

शिंपिणीनं ढिगाकडे पाहिलं. तिनं ती अजून उलगडलीच नव्हती.

कुंभारानं मग कुणाला न विचारता आपली पट्टी आपणच जोडून टाकली. वरच्या आळीतले तर म्हणू लागले, की आपण आपला वेगळाच मांडव करू.

अशात कुंभाराच्या बहिणीचं लग्न निघालं. अक्षता पडल्या, पंगत बसली आणि वारा सुटला. एक शिवण चर्रकन उसवली, अर्धा मांडव खाली आला. कुणाला लागलं नाही, पण भाताच्या परातीत धूळ गेली आणि नवरीचे डोळे भरून आले. सगळ्यांच्या नजरा कुंभाराकडे वळल्या. न विचारता पट्टी जोडणारा तोच होता. त्यालाही तसंच वाटलं. तो मान खाली घालून उभा राहिला.

शिंपिणीनं उसवलेली कड हातात घेतली. तो बारीक, तिरपा टाका तिच्या बोटांना ओळखीचा होता. मांडवाची घडी घालून ती घरी निघून गेली असती, तर कुणाला काही कळलं नसतं.

"ही माझी शिवण आहे," ती म्हणाली. "त्याची पट्टी शाबूत आहे, बघा वर."

सगळ्यांनी वर पाहिलं. मग कुंभार हळूच म्हणाला, "काकू, मीही विचारायला हवं होतं."

पुन्हा भात शिजला, जेवणं झाली आणि तिथेच बोलणी बसली. कुणी म्हणालं, प्रत्येक पट्टी पाच जणांनी ओढून बघावी. त्यावर न्हावी म्हणाला, "पाच जण जमेपर्यंत या नवरीच्या पोराचं बारसं होईल." नवरीसुद्धा हसली. अखेर ठरलं, की आपली पट्टी आपण जोडायची नाही. दुसऱ्या कुणीतरी ती येत्या बाजाराच्या आत ओढून बघायची, आणि सैल निघाली तर नुसती परत न करता कुठे सैल आहे ते दाखवायचं.

"आणि मला यातून सूट नको," शिंपीण म्हणाली.

वरच्या आळीतल्या बायका पट्ट्या ओढायला येऊ लागल्या. ढीग उतरला, वेगळ्या मांडवाचा विषयही पुन्हा कुणी काढला नाही.

शिंपिणीनं उसवलेली कड नव्यानं शिवली आणि कुंभारापुढे धरली. तो बिचकला.

"तुमची शिवण मी कशी ओढू, काकू?"

"दोन्ही हातांनी. आणि जोरात."

त्यानं ओढली. एक टाका सुटला. त्याचा चेहरा पडला. शिंपीण मात्र हसली. "इथे दोरा दुहेरी हवा होता," म्हणत तिनं सुई ओवायला घेतली. ओसरीवर असं हसू बऱ्याच दिवसांनी उमटलं होतं.

तात्पर्य: सगळ्यांचं काम पारखण्याचा नियम सगळ्यांनी मिळून ठरवावा, आणि जाणत्यानं तो आधी स्वतःला लावून घ्यावा.