लक्ष्याचा आवाज

“आणि तो आवाज बंद केला तर?” स्वामींनी विचारलं.

हेरंब दाबके अंगणात येरझारा घालू लागला.

स्वामी पूर्वाश्रमी गणित शिकवत. हेरंब त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि ते त्याला ठाऊकही होतं. आता तो शत्रूच्या क्षेपणास्त्राला अंतराळातच गाठून त्यावर आदळणारं यान बनवत होता. दोघांना सहज उचलता येईल इतकं हलकं.

आजवरच्या प्रत्येक चाचणीत नेम लागला होता. पण दर वेळी लक्ष्य म्हणून सोडलेल्या क्षेपणास्त्रात एक लहानसं यंत्र बसवलेलं असे. ते यानाला सतत कळवत राही : मी इथे आहे.

“बंद केला तर बहुधा चुकेल,” हेरंब म्हणाला. “मग प्रकल्प गुंडाळतील.”

“आणि ठेवला तर?”

“लागेल. मग वरचे लोक म्हणतील, आपल्या शहरांवर आता छत्र आहे. त्या भरवशावर उद्या युद्धसुद्धा...”

त्याला वाक्य पुरं करवेना.

“पहाटे उड्डाण आहे, स्वामीजी. यंत्र ठेवायचं की काढायचं, ते संध्याकाळपर्यंत मला सांगायचंय. झोप उडालीय माझी.”

स्वामींनी खांद्यावरची छाटी काढून डोळ्यांवर घट्ट बांधली.

“चल, आंधळी कोशिंबीर खेळू.”

“या वयात?”

“का, दमलास?”

मठाचं अंगण नदीकडे उघडं होतं. कडेला घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या, खाली डोहाचं काळं पाणी.

हेरंब पाय न वाजवता सरकत राहिला. स्वामींचे हात हवेत चाचपडत होते... डावीकडे... मग उजवीकडे... मग एक पाऊल थेट पायरीच्या कडेवर पडलं.

“स्वामीजी, मी इथे आहे.”

स्वामी वळले, सरळ चालत आले आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं.

“सापडलास.”

“मी बोललो म्हणून.”

“पण सापडलास ना?”

त्यांनी मनगट सोडलं. डोळ्यांवरची छाटी तशीच ठेवून ते पुन्हा घाटाकडे निघाले.

“कुठे चाललात?”

“अंघोळीला.”

“आधी डोळे सोडा.”

“कशाला?”

हेरंबने धावत जाऊन दोन्ही हातांनी त्यांचा दंड पकडला.

“पडाल, स्वामीजी...”

“सोड, हेरंबा,” स्वामी शांतपणे म्हणाले. “आत्ताच तर परीक्षा पास झालोय मी.”