जाखाईची काळी वाटी

कोळवण्याच्या जाखाईच्या देवळात घंटा नाही. पाहुण्यांचा हात सवयीने वर जातो आणि रिकामाच खाली येतो. मग म्हातारे गुरव कोनाड्यातली काशाची वाटी दाखवतात आणि तिची हकिकत सांगतात.

फार पूर्वी इथे रायाजी ओतारी काशाची भांडी आणि घंटा ओतायचा. घंटेचा मातीचा साचा करायची त्याची थोरली सून ठकू. तिच्या साच्याला कधी तडा गेला नाही, म्हणे. पुढे धाकटी सून चिमा आली. वर्षभरातच सासऱ्याने तिच्या साच्यावरून बोटे फिरवली आणि जाखाईच्या घंटेचे काम तिला सांगितले. ठकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवीच्या घंटेची तिने इतकी वर्षे वाट पाहिली, आणि ती या कालच्या पोरीने न्यावी? चिमा हसत समोर आली तरी ठकूला ते डिवचणेच वाटे.

ओतायच्या दिवशी सगळे भट्टीपाशी असताना ठकूने सुकलेल्या साच्यात ओंजळभर पाणी सोडले. ओल्या साच्यात तापलेले कासे पडले आणि साचा फुटला. घरोघरचे मागून आणलेले कासे मातीत गेले. साचा नीट सुकवला नाही असा ठपका ठेवून चिमाला माहेरी धाडायचे ठरले. पोरीने अंथरूण धरले. अंग तापाने फणफणले, तळपायांची आग होऊ लागली.

अशा वेळी तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासतात. रायाजीने सांडलेल्या काशातून एक वाटी ओतली आणि घासायला थोरली म्हणून ठकूलाच बसवले. एरवी घासता घासता तूप काळे पडते. इथे मात्र ते पिवळेच राहिले आणि ताप उतरेना. पोर हातची जाते की काय, या भीतीने ठकूचा धीर सुटला.

“चिमे, साच्यात पानी म्या घातलं,” ती म्हणाली. “तुझा हात माझ्याहून चांगला हाय. मला बघवलं न्हाई.”

असे सांगतात, की तेव्हा तूप काजळासारखे काळे झाले. चिमाला दरदरून घाम आला.

“घासा, आक्का,” ती एवढेच म्हणाली. “बरं वाटतंय.”

माहेरचे नाव पुन्हा कुणी काढले नाही. घंटा पुन्हा ओतायचा विषय निघाला तेव्हा दोघी जावांनी घंटेऐवजी ती वाटीच देवीपुढे ठेवली.

आजही कोळवण्यात नवी सून आली की थोरली जाऊ जाखाईपुढे तिचे तळपाय याच वाटीने घासते आणि तिचे काय बघवत नाही ते तोंडाने सांगते. कुणाला तिचे केस सलतात, कुणाला माहेरहून आलेली शिलाई मशीन. एखादी हसून म्हणते, माझ्या मनात काहीच नाही. मग म्हाताऱ्या नव्या सुनेच्या तळपायांकडे वाकून बघतात.

“तूप अजून पिवळंच हाय,” त्या म्हणतात. “घास.”