बुधवारी छापलेला शुक्रवार

धामणखेडच्या महाराजांनी यादोपंत खांबेट्यांच्या छापखान्याला कुलूप ठोकायचं ठरवलं, आणि यात चूक महाराजांची नव्हती, हे खुद्द यादोपंतांनाही मान्य होतं.

यादोपंत ‘धामणखेड सत्यवार्ता’ या साप्ताहिकाचे संपादक. अंक शुक्रवारी निघायचा, पण यंत्र इतकं म्हातारं की छपाई बुधवारीच हाती घ्यावी लागे. मग शुक्रवारी घडायची बातमी बुधवारी छापावी कशी? पंतांनी सोपा उपाय काढला होता. ती घडली असं समजून छापायची. बावीस वर्षं ते असंच समजत आले होते.

महाराजांनी दरबारात जुन्या अंकांचा गठ्ठा आणवला आणि पंतांनाच वाचायला लावलं.

“‘महाराजांच्या एका गोळीत वाघ ठार,’” पंतांनी वाचलं.

“मग काय झालं?”

“वाघ त्या दिवशी आलाच नाही, सरकार. पण बातमी वाचून लोकांनी गुरं बिनधास्त रानात सोडली. पुढे पाटलांचा अर्ज आला. ‘मेलेल्या वाघाने माझी रेडी नेली, दाद कोणाकडे मागू?’”

“पुढचा वाचा.”

“‘नव्या पुलावरून पहिली गाडी थाटात पार.’ एक कमान बांधायची राहिली होती, सरकार. त्या बातमीच्या भरवशावर एक वऱ्हाड निघालं. नवरा अलीकडे, नवरी पलीकडे, आणि मुहूर्त टळायला आलेला. शेवटी भटजींनी नदीलाच अंतरपाट मानलं. पाणी उतरायला चार दिवस लागले. इतका वेळ धरलेला अंतरपाट मी तरी दुसरा पाहिला नाही.”

“आणि गोसावीबुवा?”

“‘कीर्तनकार गोसावीबुवांचे देहावसान, संस्थान शोकाकुल.’ वैद्यांनी हात टेकले होते, मी जरा घाई केली. बुवा दुसऱ्या दिवशी उठून बसले. शेजारच्या गावी भक्तांनी तेरावं घातलं, तिथे बुवा स्वतः जेवून आले. लाडू चांगले होते म्हणाले.”

दरबार खो खो हसत होता. पंतही हसले. आपल्याइतका पक्का गाढव आपण पाहिला नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. महाराज मात्र हसले नाहीत. गेल्याच आठवड्यात पंतांनी छापलं होतं, ‘वाढदिवसानिमित्त महाराजांकडून सर्व कैद्यांची मुक्तता’. महाराजांच्या ते मनातही नव्हतं. पण तुरुंगाच्या अंमलदाराने अंक वाचून दार उघडलं, आणि अकरा चोर आभार मानायला राजवाड्यावर आले. जाताना चांदीचा तांब्या घेऊन गेले.

“एक संधी देतो,” महाराज म्हणाले. “पुढच्या शुक्रवारी या दरबारात मी काय केलं, ते बुधवारी छापा. खरं ठरलं तर छापखाना तुमचा. खोटं ठरलं तर कुलूप. आणि सांगून ठेवतो, तुम्ही जे छापाल त्याच्या उलट मी करणार.”

“मग ते खरं ठरायचं कसं, सरकार?”

“तेच मला बघायचंय. आणि वाचून दाखवायला दिवाणजी नकोत, ते तुमच्या बाजूचे आहेत. अंक दोऱ्याने बांधून आणा. मीच सोडेन आणि मीच वाचेन.”

मंगळवारपर्यंत पंतांच्या घशाखाली घास उतरेना. छापखाना गेला तर या वयात करायचं काय? खरं बोलण्याची सवय नाही आणि दुसरा धंदा येत नाही.

“‘महाराज सिंहासनावर बसले’ असं छापलं तर?” ते तानूबाईला म्हणाले. तानूबाई अंकाच्या घड्या घालायची. छापखाना बंद म्हणजे तिचीही चूल बंद.

“ते उभं ऱ्हातील की.”

“‘महाराजांनी श्वास घेतला’?”

“कोंडून धरतील. वैद्यांनी आंबा खाऊ नका म्हटल्यावर पाटी संपवून तीन दिवस अंथरुणात पडलेला मानूस त्यो.” तानूबाईने हातातली घडी दाबली. “पंत, तुमी दरबारात काय काय हुईल, तेच बघत बसलाय. ह्यो कागद सोडल्यावर सरकार पयलं काय करनार, ते बगा.”

पंतांनी बघितलं. मग अक्षरांची पेटी ओढली आणि मथळ्यासाठी छपाईचे सगळ्यांत मोठे खिळे जुळवायला बसले. रात्री ते दोन भाकऱ्या जास्त जेवले.

शुक्रवारी दरबार ठासून भरला. महाराज पूर्ण तयारीने आले होते. बसले नाहीत, उभेही नीट राहिले नाहीत, विडा हातात धरला पण खाल्ला नाही. पंतांबरोबर आलेल्या तानूबाईने अंक पुढे केला. महाराजांनी दोरा सोडला, घडी उलगडली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले.

“‘शुक्रवारच्या दरबारात महाराजांनी हा मथळा...’”

आणि थांबले. कपाळाला आठ्या पडल्या, कान लाल झाले.

“पुढे एक शब्द आहे,” महाराज शेवटी म्हणाले. “तो मी वाचलेला नाही. तेव्हा मथळा खोटा. दिवाणजी, कुलूप!”

पंतांनी डोळे मिटून घेतले.

“सरकार,” तानूबाई पदर सावरत म्हणाली, “वाचला न्हाई, तर मग थांबला कशापायी?”

महाराजांनी पुन्हा मथळ्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं, आणि असं फुटलं की हातातला विडा खाली पडला.

“‘...हा मथळा वाचला’! बावीस वर्षांत पहिला खरा मथळा!” ते डोळे पुसत म्हणाले. “पंत, छापखाना तुमचा. आणि बाई, तुला जरीचं लुगडं आणि सोन्याच्या पाटल्या. पंत, घ्या छापायला, ‘तानूबाईंना महाराजांकडून पाटल्या बहाल’!”

पंतांनी लगेच टाक उचलला. तानूबाईने त्यांचा हात धरला.

“आदी पाटल्या, सरकार,” ती म्हणाली. “बातमी मागनं. आमच्या छापखान्याचं तुमास्नी ठावंच हाय.”

महाराज पुन्हा पोट धरून हसले, आणि हसत हसतच त्यांनी खजिनदाराला तिथल्या तिथे पाटल्या आणायला पिटाळलं.