दोन गॅलऱ्यांमधली तार

“तुझ्या घरात कुठली तार वाजते?”

नदाफचाचांनी हे विचारलं, तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला तांदूळ धूत होते.

मी शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. आठवीपर्यंत शिकलेली बाई मी. पण कानानं पुष्कळ शिकले आहे. मुलांचं, मास्तरांचं, कुणाचं काही माझ्या कानातून सुटत नाही.

प्रश्न होता अन्विता शिरगुप्पेला. इयत्ता चौथी. माझ्या समोरच्या घरातली मुलगी. मधे फक्त एक बोळ.

यंदा आमच्या प्राथमिक शाळेत तंतुवाद्यांचा वर्ग निघाला होता. फक्त आठ मुलं घ्यायची होती. शिकवायला दस्तगीर नदाफ, म्हणजे आमच्या मिरजेच्या या भागातले चाचा. वय सत्तरच्या पुढं. पण दिलरुब्याच्या तारांवर गज फिरवायला लागले, की भाजीवालीसुद्धा ओरडायची थांबते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वर्गात यायला परीक्षा नव्हती. चाचा प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारत.

“म्हशीनं कुंपणाला अंग घासलं की तार वाजते,” एक मुलगा म्हणाला होता. चाचांनी नाव लिहिलं.

“आजोबा कुशीवर वळले की खाटेची सुतळी,” एक मुलगी म्हणाली. तिचंही लिहिलं.

अशी सात नावं झाली होती.

अन्वितानं उत्तर दिलं नाही. तिनं पेटी उघडली. आत लाल मखमलीवर नवंकोरं व्हायोलिन.

“ही,” ती म्हणाली. “चार तारा आहेत.”

“ही घरात कधी आली?”

“परवा.”

“मग ही अजून पाहुणी आहे,” चाचा म्हणाले. “मी घरातली विचारली.”

अन्वितानं दप्तरातून दोन कागद काढले. हार्मोनियमच्या दोन परीक्षा. दोन्हींत पहिला वर्ग.

चाचांनी चष्मा लावला. दोन्ही कागद वरपासून खालपर्यंत वाचले, सही आणि शिक्क्यासकट. मग घडीवर घडी बसवून परत दिले.

“मेहनत केली आहेस,” ते म्हणाले. “पुढच्या शनिवारी ये.”

“सर, पण एकच जागा उरली आहे.”

“एकच तर लागते.”

पोरीनं पेटी बंद केली आणि ताठ मानेनं निघून गेली. बाकीची मुलं चाचा म्हणत, ही एकटीच सर म्हणायची.

आता हे तिच्या मनाला किती लागलं, ते मला ठाऊक होतं. आमच्या खिडक्या समोरासमोर. संध्याकाळी ती व्हायोलिन घेऊन बसे. हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर हजर होतो, तिथं चुकायला जागाच नाही. इथं मात्र नुसतं करकर, करकर. मग थोडा वेळ काही नाही. मग न्हाणीघरातला नळ मोठ्यानं सोडलेला.

नळ कशासाठी सोडतात हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही.

मी हाक मारली असती. पण त्या घराशी माझा दोन वर्षं अबोला होता.

…

दुसऱ्या शनिवारी अन्विता आली ती वही घेऊन.

“सर, मी यादी केली. टीव्हीची केबल, इस्त्रीची वायर, मिक्सरची वायर. एकही वाजत नाही. आमच्या घरात शांतता असते.”

“मग तर बरं आहे. शांत घरात ऐकू येईल.”

“काय ऐकू येईल?”

चाचा गजाला राळ लावत बसले.

पोरगी चिडली. तोंड लाल झालं. “तुमच्या घरात कुठली वाजायची?” तिनं विचारलं.

मी कलथा खाली ठेवला. मोठ्या माणसाला असं विचारतात का? पण चाचांना राग आला नाही.

“बापाच्या धनुष्याची,” ते म्हणाले. “माझा बाप कापूस पिंजायचा. दारोदार जाऊन गाद्या भरायचा. सकाळपासून तार वाजायची… ट्यांव, ट्यांव. दुपारी पोटाला भूक लागली तरी तीच.”

“म्हणजे तुमचे वडील वादक होते?”

“कापूस पिंजत होता गं.”

“पण तार वाजत होती.”

“हो. कापूस पिंजला जायचा.”

अन्वितानं वही मिटली. मग हळूच म्हणाली, “आमच्याकडं एक होती.”

चाचांचा हात थांबला.

“कपडे वाळत घालायची तार. आमच्या गॅलरीतून समोरच्या काकूंच्या गॅलरीत. वारा आला की ती गुणगुणायची. आई चिमटे सरकवायला लागली की अजून वेगळी. मी लहान होते, मला वाटायचं आईच गाते.”

“आता?”

“आता आम्ही कपडे स्टँडवर घालतो.”

“का?”

“भांडण झालं.”

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. चाचांनीही पाहिलं नाही. सगळ्या गल्लीला जे ठाऊक होतं ते चाचांना ठाऊक नसेल कसं?

“मंगलबाई,” ते म्हणाले, “खिचडी लागतेय खाली.”

खरंच लागली होती.

“बेटा,” ते अन्विताला म्हणाले, “पुढच्या शनिवारी संध्याकाळी मोठ्या बाई नावं पाठवणार. तोवर वही उघडी आहे.”

…

भांडणाचं सांगते. तिच्या आईनं, सुजातानं, धुतलेली चादर न पिळता तारेवर टाकली. पाणी ठिबकलं माझ्या सांडग्यांवर. मी एक बोलले, ती दोन बोलली. खरं सांगायचं तर दोन मीच बोलले. तिनं तिच्याकडचं टोक सोडलं आणि बोळात टाकून दिलं. मी तार ओढून घेतली, गुंडाळली आणि माझ्या गॅलरीतल्या खिळ्याला अडकवली.

टाकून दिली नाही. का नाही, ते मलाही सांगता येणार नाही. सणासुदीला गॅलरी झाडताना तिच्यावरची धूळ मात्र पुसायचे.

गुरुवारी दार वाजलं. अन्विता उभी.

“काकू, आईनं नाही पाठवलं मला.”

“ते दिसतंय.”

“ती तार आहे का?”

मी तिला आत घेतलं. खिळ्यावरचं वेटोळं दाखवलं. तिनं त्याला बोट लावलं, झोपलेल्या मांजराला लावतात तसं.

“तू पलीकडं जा,” मी म्हटलं. “मी टोक फेकते.”

टोकाला बटाटा बांधला. पहिल्यांदा फेकला तो बोळात गेला. दुसऱ्यांदा त्यांच्या कुंडीत. तिसऱ्यांदा फेकला तो एका हातानं अलगद झेलला.

हात सुजाताचा होता. पदर खोचलेला, कोपरापर्यंत कणीक. पोरीमागं कधी येऊन उभी राहिली ते मला कळलंच नाही.

आम्ही दोघी एकमेकींकडं पाहत राहिलो. मधे तार लोंबत होती.

“जरा ढील द्या,” ती म्हणाली.

दोन वर्षांनी तिच्या तोंडून पहिला शब्द. मी ढील दिली.

तिनं कठड्याला दोन वेढे घातले. “ओढा.”

मी ओढली. अन्वितानं तार छेडली. ठप्प.

“अजून,” पोरगी म्हणाली.

मी पाय भिंतीला लावून ओढली. सुजातानं तिच्या बाजूनं पीळ दिला. परत ठप्प. तिचं टोक आवळलं की माझी गाठ सरकायची, माझी आवळली की तिची. किती वेळ गेला कोण जाणे. तिची कणीक वाळली, माझा कुकर तीनदा ओरडून गप्प झाला. शेवटी आम्ही दोघींनी एकदमच ओढली.

अन्वितानं छेडली.

हूँ… म्हणून जो आवाज निघाला, तो माझ्या तळहातात शिरला आणि कोपरापर्यंत चढला.

“पुरे,” सुजाता म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “बटाटा पाठवते परत.”

“राहू दे. भाजीत घाल.”

…

अन्वितानं सांगितलं म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर चाचा स्वतः आले. बगलेत वही. वर आले नाहीत, खाली बोळातच उभे राहिले. तारेच्या बरोबर खाली.

पलीकडच्या गॅलरीत अन्विता. मागं सुजाता. अलीकडं मी, माझं टोक धरून. गाठ पक्की होती, तरी धरलं होतं.

“वाजव,” चाचा म्हणाले.

तिनं वाजवली.

चाचांनी डोळे मिटले. आवाज विरेपर्यंत उघडले नाहीत. बोळातनं एक पोळी-भाजीचा डबेवाला सायकल हातात धरून चालला होता. त्याला चाचांनी हातानंच थांबवलं, आणि तोही बापडा थांबला.

“कुठं वाजली?” चाचांनी विचारलं.

“इथं,” अन्विता म्हणाली.

“इथं,” मी म्हणाले.

दोघींचं एकदमच बाहेर पडलं. अन्वितानं माझ्याकडं पाहिलं. मग तारेकडं. मग परत माझ्याकडं. मग तळहात तारेवर ठेवला.

चाचांनी वही भिंतीला टेकवली आणि आठव्या ओळीवर नाव लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर. आम्ही तिघी वरून बघत होतो. सुजातानं डोळ्याला पदर लावला. मीही लावला असता, पण हात अडकला होता.

“चहा घेऊन जा, चाचा,” सुजाता म्हणाली.

चाचा जिना चढून शिरगुप्प्यांकडं गेले. मी बोलावण्याची वाट पाहत राहिले नाही. दाराला कडी घातली आणि मागोमाग गेले. दोन वर्षांत उंबरा काही उंच झाला नव्हता.

अन्विताची घाई तर विचारू नका. चहा उकळायच्या आत तिनं पेटी आणली, व्हायोलिन काढलं, खांद्याला लावलं.

“नाव लिहिलंत ना, चाचा? मग आता शिकवा.”

सर नाही, चाचा म्हणाली. तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

चाचा उन्हातून आले होते. मोरीवर जाऊन तोंड धुतलं. खांद्यावरचं पांढरं उपरणं पाण्यात बुडवलं, पिळलं, नीट पिळलं. मग ते अन्विताच्या हातात दिलं.

“वाळत घाल.”

“तारेवर?”

“कपड्यांचीच आहे ना?”

पोरगी गोंधळली. व्हायोलिन गादीवर ठेवलं, गॅलरीत गेली. उपरणं तारेवर टाकलं, दोन्ही कडा सारख्या केल्या, दोन चिमटे लावले. तार मधे जराशी वाकली.

तिनं बोटानं छेडून पाहिली.

ठप्प.

अजून एकदा छेडली. वळून आमच्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

“चाचा, आता वाजत नाही.”

“नाही वाजत.”

“मग?…”

सुजातानं कप पुढं केला. चाचांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. माझ्याकडं पाहून पाट सरकवला, तू पण बस म्हणून. गॅलरीत उपरणं हलत होतं. थेंब एकही पडत नव्हता.

“मग काय,” चाचा म्हणाले. “वाळेपर्यंत थांबू.”