उभे राहिले तेवढेच

“...आणि जे उभे राहू शकले नाहीत, त्यांचं काय केलंस?”

हसबनीस सरांनी हे इतक्या साध्या सुरात विचारलं, की डॉक्टर यशोधन कारखानीसांना आधी तो प्रश्नच वाटला नाही. ते मिरजेला आले होते पाठ थोपटून घ्यायला. आयुष्याची उमेदीची वर्षं घातलेलं संशोधन, सोमवारी निबंध परदेशी नियतकालिकाकडे जाणार, आणि ज्यांनी हा विषय हातात दिला ते गुरू अजून हयात. मग काय, छाती फुगणारच.

“त्यांना वगळलं, सर. आधी पडून राहायचं, मग उठून ठरलेला वेळ उभं राहायचं. मधेच बसला, तर नोंद अपुरी. अपुरी नोंद आम्ही धरत नाही.”

“बरं. आणि निघालं काय?”

“माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं. स्वायत्त चेतासंस्था आपल्याला न विचारता ते सावरते. म्हातारपणी ती मंदावते, असं सगळे धरून चालतात. आमच्या म्हाताऱ्यांत ती तरुणांइतकीच तरतरीत आहे, सर.”

आवाजातली ऐट काही लपली नाही.

सर ऐंशी ओलांडलेले. पलंगावर बसून त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“वगळलेल्यांपैकी कुणी आठवतं?”

“एक शेवंताबाई होत्या. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली, मटकन खाली बसल्या. त्यांना चहा दिला, घरी पाठवलं.”

“आता कशा आहेत?”

...

कारखानीसांना माहीत नव्हतं. आणि ते माहीत नाही, याचं आजवर काही वाटलंही नव्हतं.

“माझी चाचणी घे,” म्हणत सर आडवे झाले.

“नको, सर. काकू आत्ताच दारात सांगत होत्या, परवा न्हाणीघरापाशी पडता पडता वाचलात.”

“म्हणूनच घे.”

हट्टाला पेटलेल्या म्हाताऱ्यापुढे कुणाचं चाललंय? कारखानीसांनी बॅगेतला रक्तदाबाचा पट्टा सरांच्या दंडाला बांधला. सर शांत पडून राहिले. मग कारखानीस म्हणाले, “उठा.” त्यांच्या एका हातात घड्याळ होतं. दुसऱ्या हातात सरांना दाखवायला आणलेला निबंध होता, तो काही खाली ठेववत नव्हता.

सर उठले. ताठ उभे राहिले.

...

चेहरा पांढराफटक पडला. ओठ हलले, शब्द फुटला नाही. मग ते पुढे झुकले.

घड्याळ सुटलं, निबंध सुटला. कारखानीसांनी दोन्ही हातांनी सरांना कवेत घेतलं, पलंगावर टेकवलं, पाय उचलून उशीवर ठेवले. पानं खोलीभर पांगली होती.

हळूहळू सरांच्या चेहऱ्यावर रंग परतला.

“वेळ पूर्ण झाला?”

“नाही, सर.”

“मग वगळ मला.”

...

कारखानीस पानं गोळा करायला खाली वाकले. एक उचललं आणि तिथेच थांबले. त्यात सगळे तरतरीत म्हातारेच होते. बाकीच्यांना त्यांनी स्वतःच चहा पाजून बाहेर काढलं होतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

उचललेलं पान त्यांनी परत खाली ठेवलं.

“सोमवारी हे जाणार नाही,” ते म्हणाले. “मी सगळ्यांकडे परत जातो. शेवंताबाईंपासून सुरुवात करतो. जो जितका वेळ उभा राहील, तितकं लिहीन. लागू देत आणखी वर्षं.”

“आणि तुझा निष्कर्ष?”

“गेला तर गेला.”

“पुन्हा उभं करशील त्यांना?”

“करीन, सर.”

सरांनी जमिनीवरच्या पानांकडे पाहिलंही नाही. शिष्याचे दोन्ही रिकामे हात त्यांनी आपल्या हातांत घेतले, उलटेपालटे करून न्याहाळले.

“जाशील तेव्हा हे असेच घेऊन जा. कुणी झुकलं, तर धरायला मोकळे.”